ग्राफिक्स कार्ड सापडले नाही

"परत तेच आलं बघा," मी म्हणाले.

अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे होते. चष्मा कपाळावर सरकवून ते स्क्रीनकडे वाकले. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडताच मधोमध एक चौकोन आला होता. ग्राफिक्स कार्ड सापडत नाही, म्हणून हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं आहे, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे फोटो रंगवायचं सगळं ओझं एकट्या कॉम्प्युटरवर पडणार. कार्ड हातभार लावत नाही."

"काल चांगलं होतं की."

"परवा चांगलं होतं. काल मी निपाणीला लग्नात होते."

"होईल नीट," अण्णा म्हणाले. खांद्यावर थोपटून ते पुढच्या काउंटरवर गेले.

जयसिंगपुरात स्टेशनरोडला आमचा स्टुडिओ होता. अण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, काळ्यापांढऱ्या फोटोच्या जमान्यातले रिटचर. पेन्सिलीला सुईसारखं टोक करायचे आणि काचेवर ठेवलेल्या निगेटिव्हवर चेहऱ्यावरचे डाग भरायचे. मी सहावी-सातवीत असल्यापासून त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसायची. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला, निगेटिव्हही संपल्या आणि सगळं काम कॉम्प्युटरवर आलं. तेव्हा ते माझ्याकडे आलं. थोरला भाऊ अभिनंदन लग्नांचं शूटिंग करायचा. त्याला चार माणसांत मिसळता यायचं, मला एका चेहऱ्यासमोर दिवस काढता यायचा. वाटणी कुणी केली नव्हती, आपोआप झाली होती.

मग तालमीचं काम आलं. कोल्हापूरच्या एका जुन्या तालमीला शंभर वर्षं होत होती आणि तिथले मोहिते वस्ताद त्याचं पुस्तक काढणार होते. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी पैलवानांचे फोटो आणले. काही वाळवीने खाल्लेले, काही ओलीने एकमेकांना चिकटलेले. त्यात त्यांच्या गुरूंचा एकट्याचा असा एकच फोटो होता आणि त्यातला अर्धा चेहरा कसरीने नेला होता. नमुना म्हणून मी तोच घेतला. एका गर्दीच्या फोटोत गुरूंच्या चेहऱ्याची गेलेली बाजू सापडली. ती उचलली, उजेड जुळवला, दाढीचे खुंट एकेक करून भरले. कुस्तीत मोडलेले कान तसेच मोडलेले ठेवले. पैलवानाचा कान सरळ केला तर तो पैलवान राहत नाही, हे मला अण्णांनीच लहानपणी सांगितलं होतं.

वस्ताद बघायला आले. स्क्रीनसमोर बसून त्यांनी फोटो निरखला. मग उठून बाहेर गेले, पायरीवर चपला काढल्या, परत आत आले आणि कॉम्प्युटरला हात जोडले.

"भूपालराव," ते म्हणाले, "समदं काम हिच्याच हातनं व्हायला पायजे. आणि पुस्तकात नाव हिचं लागंल. पोरी, पुरं नाव सांग तुझं."

"पद्मावती भूपाल मगदूम," मी सांगितलं. सांगताना आवाज नेहमीपेक्षा मोठा आला होता.

त्या दिवशी अण्णा जेवताना दोनदा तीच हकिगत आईला सांगत होते. अभी घास चावत ऐकत होता.

तालमीच्या फोटोंच्या फाइली प्रचंड मोठ्या होत्या. जुना कॉम्प्युटर धापा टाकायचा. मी ग्राफिक्स कार्ड मागितलं आणि अण्णांनी कुरकुर न करता आणलं. जुनं काढून नवं मीच बसवलं. ते बसल्यावर सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनच्या खुणेवर टिचकी मारली, आणि काय सांगू! तोवर ब्रश फिरवला की रेघ मागून रांगत यायची. आता हात आणि रेघ एकच झाले. अण्णांच्या पेन्सिलीसारखं.

आणि महिन्याभरात हे असं.

आधी वाटलं, साधी गोष्ट असेल. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सेटिंगमध्ये गेले तर अ‍ॅक्सिलरेशनची खूण फिकट करडी पडलेली, टिचकी लागेना. सॉफ्टवेअरची सगळी सेटिंग पुसून मूळपदावर आणली. काही नाही. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. त्यात दुपार गेली आणि शेवटी तोच चौकोन. स्क्रीनवरची अक्षरंही जाड, फुगल्यासारखी दिसत होती. मग कार्डाबरोबर आलेली सीडी घालून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, नव्याने टाकायला गेले, तर तो म्हणाला की या कॉम्प्युटरमध्ये असं कार्डच नाही.

सांगलीच्या मुजावरला फोन लावला. कार्ड त्याच्याच दुकानातून घेतलं होतं.

"ताई, ड्रायव्हर असं म्हणतोय म्हणजे कार्ड मेलं असणार," तो म्हणाला. "वॉरंटीत आहे. काढून घेऊन या, बदलून देतो."

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली बसले, तर अण्णा आले.

"काय करालीस?"

"कार्ड काढते. मुजावर बदलून देतो म्हणाला."

"नको, नको. तू नको उघडू," अण्णा घाईने म्हणाले. "काही तुटलं-मोडलं तर वॉरंटी जाईल. अभीला येऊ दे. तो नेईल सांगलीला."

"मीच बसवलंय ते, अण्णा."

"म्हणूनच म्हणतोय. चालत्या मशीनला हात लावू नये. ऐक माझं."

मी ऐकलं. अभी तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीत स्वतःचा स्टुडिओ थाटत होता आणि तिकडेच असायचा. फोन केला की म्हणायचा, "येतो गं रविवारी." रविवारी आला नाही. पुढच्या रविवारीही नाही.

मी अ‍ॅक्सिलरेशनशिवाय काम सुरू ठेवलं. एक रेघ ओढायची, थांबायचं, ती उमटायची, चुकली म्हणून पुसायची, पुन्हा थांबायचं. मोठा करून बघायला गेलं की फोटोचे काळे तुकडे पडायचे. एका खांद्यावर सकाळ जायची. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. वस्तादांचे फोन येऊ लागले. कार्यक्रमाची तारीख ठरली होती. दोनतीनदा मी घेतले, मग अण्णा म्हणाले, "तू कामात लक्ष घाल. वस्तादांशी मी बोलतो." आणि फोन पुढच्या काउंटरवरच राहू लागला.

मला तेव्हा अण्णांची फार कणव यायची. थरथरत्या हाताने ते मला चहा आणून द्यायचे. बशीत सांडलेला असायचा. माझ्या मागे उभे राहून स्क्रीनकडे बघायचे.

"काहीतरी दाबलं गेलं असंल का गं तुझ्याकडनं?" एकदा विचारलं.

"नाही हो अण्णा."

"असू दे. होतंय तेवढं कर. जिवाला लावून घेऊ नको."

माझ्याच हातून काही बिघडलं असेल, असं मला खरंच वाटू लागलं होतं. कार्ड बसवताना नीट दाबलं नसेल, कुठे धक्का लागला असेल. झोपताना तेच डोक्यात.

शेवटी एका सकाळी अण्णा बस्तीत गेले होते. जैन मंदिराला आमच्याकडे बस्ती म्हणतात. पूजा करून ते दहाच्या आत परतत नसत. आई मागे स्वयंपाकात. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडलं.

कार्ड होतं. पण नवं नव्हतं. माझं दोन पंख्यांचं लांबलचक कार्ड जिथे असायला हवं, तिथे आधीचं बुटकं कार्ड खोचलेलं होतं. ओळखायला वेळ लागलाच नाही. ते काढून माळ्यावर ठेवताना मीच त्याला पांढरी पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर माझ्याच अक्षरात 'जुने' असं लिहिलं होतं.

मी तशीच फरशीवर बसून राहिले. मशीनला काहीच झालेलं नव्हतं. ते इतके दिवस खरंच सांगत होतं, की ते कार्ड इथे नाही. मीच त्याला बारा प्रकारे खोटं पाडायला बघत होते.

अभीनेच नेलं असणार. दुसरं कोण? नव्या दुकानासाठी. मी निपाणीला होते तेव्हा येऊन, गुपचूप. राग इतका आला की कानशिलं तापली. पण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. अण्णांना हे कळलं तर? थोरल्या मुलाने धाकट्या बहिणीच्या हातातलं काम चोरून नेलं, हे त्यांना सोसेल का? म्हणून मी झाकण लावलं, स्क्रू घट्ट पिळले आणि हात धुऊन बसले.

अण्णा आले. कपाळाला गंध होतं. त्यांनी एकदा टेबलाखाली बघितलं, मग माझ्याकडे.

"उघडलंस?"

"हो. धूळ पुसली."

"मग?"

"कार्डच गेलंय, अण्णा. मुजावर म्हणाला तसं."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि स्टुलावर बसले. "असू दे," म्हणाले. "असू दे." तो श्वास मला काळजीचा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे जाते म्हणून मी कोल्हापूरची एस.टी. धरली.

अभीचा स्टुडिओ अजून उघडायचा होता. रंगाचा वास, गुंडाळलेले गालिचे, भिंतीला टेकवलेली पाटी. तो आतल्या खोलीत पाठमोरा बसला होता. कॉम्प्युटरच्या डब्याला एका बाजूने काच होती आणि काचेआड माझं कार्ड दोन्ही पंखे फिरवत होतं. ते बघायला मी तयार होऊन आले होते. स्क्रीनवर काय आहे, ते बघायला नव्हते. स्क्रीनवर तालमीचा फोटो होता. मी अर्धवट भरलेला खांदा. माझीच फाइल.

"अभ्या," मी म्हणाले.

तो दचकून उठला. "पद्मा? कशी आलीस? अण्णांनी पाठवलं?"

"अण्णांना यातलं काही माहीत नाही. आणि माहीत व्हायच्या आत तू ते कार्ड काढ आणि माझ्या हातात दे. मी त्यांना सांगणार नाही."

तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बस आधी."

"बसायला आले नाही."

"पद्मा, कार्ड अण्णांनी दिलंय."

"खोटं बोलू नकोस."

"तू निपाणीला गेली होतीस त्या दिवशी मी आलो होतो. अण्णांनीच बोलावलं. त्यांच्याच्याने स्क्रूड्रायव्हर धरवत नव्हता, म्हणून मी झाकण काढलं. कार्ड त्यांनी स्वतः उपसलं. स्क्रीन एकदम काळा दिसला तर तुला लगेच कळंल, म्हणून माळ्यावरचं जुनं त्यांनीच शोधून आणलं."

बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर घासत होतं, तो आवाज येत राहिला.

"आणि फाइली?"

"त्यापण त्यांनीच दिल्या. वस्तादांशीही तेच बोलले." त्याने मान खाली घातली. "हे पुस्तक अख्ख्या कोल्हापुरात जाणार. नवीन दुकान आहे. इथं मला ओळखतंय कोण? अण्णा म्हणाले, नाव तुझं लागू दे, दुकान उभं राहील. मी म्हटलं, पद्माला विचारू. आईशप्पथ म्हटलं."

"मग?"

"म्हणाले, ती नाही म्हणणार नाही. पण मला विचारवणार नाही."

पंखे फिरत होते. अभी ओशाळल्यासारखा म्हणाला, "आलीच आहेस तर हे एवढं बघतीस का? खांदा जमेना झालाय. उजेड कुठनं येतोय तेच कळंना."

मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी खुर्चीवर बसले. कारण त्याने त्या पैलवानाच्या मानेचं पार वाटोळं केलं होतं, मेणाच्या बाहुलीसारखी गुळगुळीत केली होती, आणि ते माझ्याच्याने बघवेना. ब्रश हातात घेतला. कितीतरी दिवसांनी रेघ हाताबरोबर आली. जिथे टेकवावं तिथे, जेवढी हवी तेवढी. मान झाली, खांदा झाला. अभी मागे उभा राहून बघत होता.

"तुझ्यासारखं नाही गं येत मला," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. तेच जास्त लागलं. मी माउस ठेवला आणि निघाले. कार्ड मागितलं नाही.

घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. अण्णा आणि आई मागच्या पडवीत शेंगा फोडत बसले होते. माझा चेहरा बघून अण्णांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोल्हापूरला गेले होते," मी म्हणाले.

आईने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"तोंडावर सांगायचं होतं, अण्णा. मी दिलं असतं. कार्ड दिलं असतं, काम दिलं असतं, नावसुद्धा दिलं असतं."

"ठाऊक आहे मला," अण्णा म्हणाले.

"मग?"

"म्हणूनच सांगवलं नाही. तू हूं म्हणून दिलं असतंस, आणि मग मला रोज तुझं तोंड बघावं लागलं असतं. मशीन बिघडलं म्हटल्यावर कुणाचाच दोष नाही. काम आपोआप तिकडं गेलं असतं. तुलाही वाईट वाटलं नसतं."

"मला वाटत होतं की माझ्याच हातून बिघडलंय. तुम्ही मागे उभे राहून बघत होता. काही दाबलंस का म्हणून विचारत होता."

अण्णांनी शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "चहा आणून देत होतो की गं मी."

आईला ते सहन झालं नाही. "एवढं काय आकाश कोसळलंय?" ती म्हणाली. "तू उद्या लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाणार. त्याला जन्मभर इथंच धंदा करायचाय. पुस्तकात तुझं नाव लागून कुणाला काय मिळणार होतं?"

"तू गप्प बस," अण्णा तिला म्हणाले. पण ती चुकीचं बोलते आहे, असं काही म्हणाले नाहीत.

दोन महिन्यांनी मी पुण्याला एका छापखान्यात नोकरी धरली. तिथेच पुढची वर्षं गेली. अभीचं दुकान चांगलं उभं राहिलं. आता त्याची दोन आहेत. अण्णांनी जयसिंगपूरचा स्टुडिओ बंद करून जागा मोबाइलवाल्याला भाड्याने दिली. आम्ही बोलायचं सोडलं असं झालं नाही. सणावाराला जात होते, फोन होत होते. अण्णा माझ्याकडे पुण्याला येऊन राहिलेसुद्धा. त्या गोष्टीचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

पण पुण्याला जायच्या आधी तालमीचा कार्यक्रम झाला. मी जाणार नव्हते. "लोक विचारतील," असं आई म्हणाली, म्हणून गेले. लाल मातीच्या आखाड्याशेजारी मांडव घातला होता. अभीला फेटा बांधला, शाल दिली. व्यासपीठावरून त्याचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि त्याने एकदा माझ्या बाजूला बघून नजर खाली घेतली. पुस्तक सगळ्यांना वाटलं. पहिल्याच पानावर छापलं होतं, जुन्या छायाचित्रांचे पुनरुज्जीवन, अभिनंदन भूपाल मगदूम.

वस्ताद गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, आता बरी हायस न्हवं?" त्यांनी विचारलं. "तुझे वडील म्हणत हुते, डोळ्याचं दुखणं निघालंय, डॉक्टरनं काम बंद करायला सांगितलंय. लई वाईट वाटलं बघ. तुझ्या हातनं व्हायला पायजे हुतं."

अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मांडवाच्या खांबाला गुंडाळलेलं कापड ते बोटांनी चाचपत होते.

"आता बरी आहे, वस्ताद," मी म्हणाले.

वस्ताद आशीर्वाद देऊन पुढे गेले. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. अण्णांनी मांडीवर पुस्तक उघडलं, चष्मा नीट केला आणि एकेक पान उलटू लागले. काही पानं भरभर पुढे टाकत होते. काहींवर थांबत होते, पान उजेडाकडे तिरकं धरत होते, चेहऱ्यावरून अंगठा फिरवत होते. मी बघत होते. ज्यांच्यावर ते थांबत होते ते सगळे माझे होते. एकही चुकला नाही.

वस्तादांच्या गुरूंच्या पानावर ते खूप वेळ थांबले. मग त्यांनी मान वर केली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मागच्या रांगेतली माणसं जेवणाच्या पंगतीकडे निघाली होती, ती जाऊ दिली. आसपास ऐकायला कुणी उरलं नाही अशी खात्री झाल्यावर ते माझ्या कानाशी वाकले.

"पद्मा," ते हळूच म्हणाले, "असं काम मलासुद्धा कधी जमलं नाही."